बिनचाकाची कप्पी

जहाजाचं लाकडी मॉडेल करायला घेणाऱ्याला आधी कोणी सांगत नाही की जहाज करणं हा त्यातला किरकोळ भाग आहे, खरं काम दोऱ्यांचं. आमच्याकडे हे खूळ नवऱ्याने आणलं. फळ्या चिकटवल्या, पॉलिश केलं, सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले, मग रिगिंगचं, म्हणजे दोऱ्या बांधायचं, पान उघडलं, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अगं, बारीक कामाला तुझा हात चांगला आहे."

झालं. जहाज माझ्याकडे.

पाकिटात कप्प्या निघाल्या, ३ मिलिमीटरच्या. चिमटा जरा जास्त दाबला की कप्पी टुणकन उडते आणि पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही, मग आम्ही दोघं टॉर्च घेऊन फरशीवर रांगतोय, नवरा मला म्हणतो "हलू नकोस, पायाखाली येईल" आणि स्वतः खोलीभर बिनधास्त फिरतो. सापडली तर ओवायची. दोऱ्याच्या टोकाला सुपरग्लू लावून ते ताठ करायचं, तिरकं कापायचं, की भोकातून सरळ जातं म्हणे. जातं, नाही असं नाही, पण सोबत बोटही चिकटतं.

बरं, कप्पी शोधली कशासाठी? कष्ट कमी व्हावेत म्हणून ना! नुसती वर टांगलेली कप्पी फक्त ओढायची दिशा बदलते, जोर तेवढाच. पण दुसरी कप्पी वजनाबरोबर हलणारी घेतली की वजन दोन दोरांवर वाटलं जातं, निम्म्या जोरात काम होतं आणि त्या बदल्यात दोर दुप्पट ओढावा लागतो (घर्षण खाईल ते वेगळंच). खऱ्या जहाजावर ओलं शीड वर चढवायचं म्हणजे हे सगळं पाहिजेच, मान्य. माझ्या जहाजाला मात्र शीडच नाही, कारण "शिडं नसली की दोऱ्या छान दिसतात" असं मालकांचं मत. म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी आडवी काठी उचलायला मी जोडकप्पी बांधतेय, आणि त्या कप्पीत चाकसुद्धा नाही, नुसतं भोक!

दोरांच्या नावांचं तर विचारूच नका. हॅलिअर्डने काठी वर चढवायची, शीट नावाच्या दोराने शिडाचा खालचा कोपरा ताणायचा, ब्रेसने काठी वाऱ्याप्रमाणे फिरवायची, आणि क्लूलाईनने तोच ताणलेला कोपरा परत वर खेचायचा, एकाने केलेलं दुसऱ्याने निस्तरायचं. प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली, अंधारातसुद्धा खलाशाचा हात बरोबर तिथेच जायला हवा. मला भर दिव्यात भिंग लावून सापडत नाही.

नवरा अधूनमधून प्रोत्साहन देतो. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर म्हणे ४० किलोमीटरच्या वर दोर होता. ब्रिटिश नौदलाला दर वर्षी लाखभर कप्प्या लागायच्या, म्हणून मार्क ब्रुनेल या इंजिनिअरने इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत यंत्रं बसवली, हेन्री मॉड्स्लेने ती घडवली, आणि ११० कारागिरांचं काम १० साधी माणसं करू लागली. १८०८ मध्ये तिथे १,३०,००० कप्प्या झाल्या. मी म्हटलं, ते उरलेले १०० जण मोकळे झाले ना, त्यातला एखादा आत्ता हवा होता.

सध्या डेडआयवर आलेय. लाकडाची गोल चकती, तीन भोकं, दोन डोळे आणि वासलेलं तोंड, बघूनच झोप उडते. डोलकाठीला बाजूने धरून ठेवणारे जाड दोर असतात त्यांच्या खालच्या टोकाला या जोडीजोडीने लावायच्या आणि मधून दोरी फिरवून ताण द्यायचा. ही मात्र खऱ्या जहाजावरही बिनचाकाचीच असते, त्यामुळे तिच्यावर राग नाही. राग ताणावर आहे. डाव्या बाजूला ओढलं की डोलकाठी डावीकडे येते, उजवीकडे ओढलं की उजवीकडे जाते, सरळ करायला गेलं की परत डावीकडे, असं जेवणाची वेळ टळेपर्यंत चाललं होतं. शेवटी सगळीकडे गाठी मारल्या, वर गोंदाचा थेंब लावला, विषय संपवला.

नवरा आला, मान वाकडी करून बघितलं, परत दुसऱ्या बाजूने बघितलं. "डोलकाठी जरा डावीकडे झुकलीय का गं?"

म्हटलं, "वारा उजवीकडून आहे."