पाण्यात उतरण्याआधी माघारीची जागा ठरवा

डोंगरी नदीवर कयाक किंवा राफ्ट घेऊन जाण्याचा बेत आखताना बहुतेक गटांची चर्चा बोटी, गाड्या, मुक्काम आणि कॅमेरे यांच्याभोवतीच फिरते आणि खुद्द नदीविषयी एकच प्रश्न विचारला जातो : ‘ग्रेड कोणती?’ माझे स्पष्ट मत असे आहे की, कोणत्या परिस्थितीत आपण पाण्यात उतरणार नाही आणि उतरल्यावर गरज पडली तर कुठून बाहेर पडणार, हे ज्या बेतात आधीच लिहून ठेवलेले नाही तो बेत अर्धवट आहे. काठावर गेल्यावर बघू, असे म्हणणे सोपे असते; परंतु तिथे पोहोचेपर्यंत रजा खर्ची पडलेली असते, बोटी फुगवून तयार असतात आणि ‘एवढ्या लांबून आलोच आहोत तर’ हे वाक्य कुणीतरी उच्चारलेले असते. त्या वाक्याचे उत्तर घरूनच घेऊन जायला हवे.

ग्रेडला महत्त्व आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ग्रेड म्हणजे प्रवाह किती अवघड आहे त्याची पायरी, आणि त्यासाठी 1 ते 6 ही आंतरराष्ट्रीय श्रेणी सर्वत्र वापरली जाते. 1 म्हणजे लहानसहान लाटांचे वाहते पाणी आणि 6 म्हणजे निष्णात लोकांनीही क्वचितच हात घालावा असा प्रवाह. मात्र ही श्रेणी नदीला कायमची चिकटवलेली नसते, ती विशिष्ट पाणीपातळीपुरती खरी असते. पाणी वाढले की तिसऱ्या ग्रेडचा रॅपिड, म्हणजे खडकांतून खळाळत उतरणारा वेगवान प्रवाह, चौथ्यात जातो. पाण्याचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली असेल किंवा नदी मनुष्यवस्तीपासून दूर असेल, तर तिला एक पायरी अवघड धरावे, अशी जुनी शिफारस आहे आणि ती मला पूर्णपणे पटते. शिवाय आदल्या पुरात प्रवाहात आडवे पडलेले झाड कोणत्याही ग्रेडमध्ये मोजलेले नसते.

म्हणून ग्रेडपेक्षा विसर्गाचा, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहते त्याचा, आकडा आधी शोधावा. धरणांच्या बातम्यांमुळे क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा शब्द आपल्या कानावरून गेलेला असतो. सुमारे 35 क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, आणि एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. पन्नास घनमीटर विसर्गाच्या नदीत दर सेकंदाला पन्नास टन पाणी आपल्या अंगावरून पुढे जात असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा साधारण चौपट होतो, त्यामुळे ‘पाणी थोडे जास्त दिसते आहे’ या वाक्यातला ‘थोडे’ हा शब्द फार फसवा आहे. आपल्या गटाने नदीच्या ज्या पट्ट्यात उतरायचे त्यासाठी एक वरची मर्यादा ठरवावी, ती आकड्यात लिहावी आणि नदीवरची मोजपट्टी त्या आकड्याच्या वर गेली असेल तर चर्चा न करता परतावे.

तो आकडा दिवसभर स्थिर राहत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. हिमनदीतून किंवा बर्फ वितळून येणारे पाणी दुपारच्या उन्हाने वाढते आणि त्याची लाट खालच्या पट्ट्यात काही तासांनी, कधी संध्याकाळी तर कधी रात्री पोहोचते. अशा नद्यांवर पहाटेचे पाणी सहसा सर्वांत कमी असते. धरणाखालच्या नदीत पाणी केव्हा सोडले जाते याचे वेळापत्रक मिळाल्याशिवाय उतरू नये. भोंगा वाजतो असे सांगितले, तरी रॅपिडच्या आवाजात तो ऐकू येईलच असे नाही. पावसाच्या दिवसांत आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या पाणलोटात काय चालले आहे ते कळायला हवे. मुक्कामी पोहोचताच पाण्याच्या अगदी कडेला एक ठळक दगड मांडून ठेवावा आणि रात्री व सकाळी तो पाहावा. तो पाण्याखाली गेला असेल, प्रवाह गढूळ झाला असेल आणि काटक्या-पालापाचोळा वाहून येत असेल, तर नदी चढते आहे आणि आदल्या दिवशी केलेली पाहणी निरुपयोगी झाली आहे.

यानंतर नकाशा. उताराची सरासरी पाहून समाधान मानू नये. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात पन्नास मीटर उतार म्हणजे किलोमीटरला पाचच मीटर, असे वाचून बरे वाटते. पण त्यांतले तीस मीटर एकाच किलोमीटरात, उभ्या कड्यांच्या घळीत उतरत असतील तर सगळा प्रश्न त्या एका किलोमीटरचा आहे. घळीत शिरल्यावर बाहेर पडायला वाट नसते, म्हणून खरी निर्णयाची जागा घळीच्या वरचा शेवटचा संथ डोह ही असते. तिथे सर्वांनी काठाला लागायचे, हे आधीच नकाशावर खूण करून ठरवावे. उपग्रहाचे छायाचित्र कोणत्या ऋतूतले आणि किती जुने आहे तेही बघावे, कारण एका दरडीने नदीचे पात्र बदलते.

अवघड रॅपिड काठाने चालत पाहायचा आणि शक्यतो खालच्या टोकापासून वर यायचे. वरून पाहताना नजर आपल्या वाटेवर खिळते. खालून पाहिल्यावर बोट उलटली तर माणूस कुठे वाहत जाईल ते दिसते. तिथे पडलेले झाड, खालून पोखरलेला खडक किंवा पाणी ज्यांच्या फटींतून निसटते असे दगडांचे ढीग असतील, तर बोट खांद्यावर घेऊन काठाने पुढे न्यावी. झाडाच्या फांद्यांतून पाणी पार होते आणि माणूस अडकतो. सरळ रेषेत, एकसारखे कोसळणारे बंधारे तर दिसायला निरुपद्रवी आणि प्रत्यक्षात अत्यंत घातक असतात. त्यांच्या पायथ्याशी मागे फिरणारे पाणी पोहणाऱ्याला पुन्हा पुन्हा आत ओढते. बोट उचलून नेण्यात कमीपणा मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर नदीवर जात नाही.

बचावाची तयारी म्हणजे नुसते सामान नव्हे. अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट, हेल्मेट, शिट्टी आणि दोरीची थ्रो बॅग हे सर्वजण आणतात. ती पिशवी फेकण्याचा सराव मात्र फार थोड्यांनी केलेला असतो. दोरी साधारण पंधरा ते वीस मीटर असते, म्हणून फेकणाऱ्याने कुठे उभे राहायचे ते रॅपिडच्या आधीच ठरायला हवे. पाय रोवून, ‘दोरी!’ असे ओरडून, वाहणाऱ्याचे लक्ष आपल्याकडे वळल्यावर पिशवी त्याच्या पलीकडे जाईल अशी टाकायची. त्याने पिशवी न धरता दोरी धरायची, ती खांद्यावर घेऊन उताणे व्हायचे. मग प्रवाहच त्याला वळवून काठाला आणतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, दोघांपैकी कोणीही नाही. वाहत असताना उताणे पडून पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पायांची बोटे पाण्यावर ठेवायची. गुडघ्यापेक्षा खोल वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाऊल दगडांत अडकले की मागचा रेटा माणसाला पुढे आडवे पाडतो. समोर झाड आले, तर मात्र पालथे होऊन डोके पुढे करून त्याकडे जोराने पोहायचे आणि वर चढायचे.

थंड पाण्याचा अंदाज लोकांना नसतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी रूढ केलेला नियम सांगतो की, अतिथंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातापायांची उपयुक्त हालचाल सुमारे दहा मिनिटे आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास असतो. सुती कपडे घालून येणाऱ्याला बेतातून वगळावे किंवा त्याला योग्य पोशाख मिळवून द्यावा. तिसरा पर्याय नाही.

गटात किमान तीन बोटी असाव्यात, म्हणजे एक अडकली तरी दुसरी जवळ राहते आणि तिसरी मदतीला जाऊ शकते. नदीची निवड सर्वांत कच्च्या सदस्याच्या कुवतीनुसार व्हावी, आणि ‘मी हा रॅपिड करणार नाही’ असे म्हणणाऱ्याला कारण विचारू नये.

शेवटची व्यक्ती काठावरची, किंबहुना नदीपासून दूर असलेली. तिच्याकडे सर्वांची नावे, उतरण्याची व बाहेर पडण्याची जागा, अपेक्षित वेळ आणि त्याहून काही तास पुढची अशी वेळ लेखी असावी की, तोवर फोन आला नाही तर तिने ठरलेल्या बचाव यंत्रणेला कळवायचे. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून गटाकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारे साधन असेल तर उत्तम. बाहेर पडल्यावर बोटी आवरण्याआधी रेंज गाठून पहिला फोन तिला करावा, नाहीतर आपण कपडे वाळवत बसलेलो असू आणि आपल्या शोधासाठी कुणीतरी अंधारात नदीकाठाने निघालेले असेल.