वकिलीच्या भवितव्यावर चिंतनपर लेख लिहायचाय? मग हे वाचा

सगळ्यात आधी असा विषय पकडा ज्यावर भांडायला कुणी येणारच नाही. 'न्याय सामान्य माणसाला परवडला पाहिजे' हा बेस्ट, याला विरोध करणारा अजून जन्माला यायचाय. सुरुवात डायरेक्ट १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून (इंग्लंडच्या राजाने दिलेली हक्कांची सनद) करा, त्यात राजाने कबूल केलंय की न्याय विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. (कबूल राजाने केलंय, तुम्ही नाही, त्यामुळे तुमच्या फीचा विषय इथे येतच नाही.)

बऱ्याच मोठ्या फर्म तासाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून बिल लावतात, म्हणजे दोन मिनिटांचा फोनसुद्धा बिलात सहा मिनिटांचा होतो, यावर चुकूनही लिहू नका हां. त्यापेक्षा 'बिलिंगच्या पद्धतीचा समग्र पुनर्विचार व्हायला हवा' असं ठोका, कुणी करायचा, कधी करायचा ते वाचकावर सोडा, त्यालाही काहीतरी काम नको का.

मग एआय. न्यूयॉर्कची २०२३ ची ती केस घ्याच, वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कुठल्याच कोर्टाने कधी न दिलेले निकाल दाखल केले, वर त्यालाच विचारलं की बाबा रे हे खरे आहेत ना, तो म्हणाला हो, आणि शेवटी कोर्टाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. इथे पोटभर हळहळा, विवेक, मानवी स्पर्श वगैरे सगळं येऊ द्या. पण 'निकाल उघडून वाचला असता तर' हे वाक्य अजिबात नको, नाहीतर उद्या कुणीतरी विचारेल की तुम्ही लेखात दिलेले निकाल तुम्ही तरी पूर्ण वाचलेत का, आणि आपण पडलो हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, भागवणारी माणसं.

ज्युनिअर लोकांच्या मानसिक ताणावर एक कळकळीचा परिच्छेद हवाच. तो तुमच्या ज्युनिअरकडून रविवारी रात्री लिहून घ्या, अनुभवाचे बोल असल्याने छान उतरतो.

न्यायाधीशांवर टीका केल्याशिवाय लेखाला धार येत नाही हे खरंय, पण टीकेसाठी निवृत्त न्यायाधीश निवडा, वारलेले असतील तर उत्तमच, त्यांच्यासमोर परवा उभं राहून तारीख मागायची नसते. जिथे बाजू घ्यायची वेळ येईल तिथे 'समतोल' हा शब्द टाकायचा आणि पुढच्या परिच्छेदात सटकायचं.

आणि खाली बारीक अक्षरात 'व्यक्त केलेली मतं लेखकाची वैयक्तिक आहेत, फर्म त्यांच्याशी सहमत असेलच असं नाही' ही ओळ न विसरता घाला. अख्ख्या लेखात एकही मत सापडलं नाही तरी घाला.