प्रिंटर सामाईक, माणसं स्वतंत्र

सांगलीतल्या आमच्या सी.ए. ऑफिसात प्रिंटर एकच. तो वर्षानुवर्षं टॅक्सच्या मॅडमच्या टेबलावर, त्यांच्याच संगणकाला यूएसबीने जोडलेला. बाकीच्यांनी फाईल पेन ड्राइव्हवर घ्यायची, मॅडमच्या खुर्चीशेजारी उभं राहायचं, भिंतीवरचं हळदीच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर निरखायचं आणि मॅडमनी मान वर केली की "एक पान होतं" म्हणायचं. पेन ड्राइव्ह एकच, त्याला लाल दोरा बांधलेला. तो ऑफिसातल्या सगळ्या मशीनमध्ये फिरत असल्यामुळे एका मशीनचा व्हायरस संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मिळायचा. फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, असा तो प्रकार. म्हणजे शेअरिंग आमच्याकडे आधीपासून होतंच, फक्त फाईलींचं नव्हतं.

गौरी-गणपतीला मॅडम रजेवर गेल्या, जाताना सवयीने संगणक लॉक करून गेल्या, आणि सप्टेंबर अखेरच्या टॅक्स ऑडिटची कागदपत्रं समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून पानाला पाच रुपये देऊन काढायची वेळ आली. साहेबांनी ते बिल पाहिलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अहो, तो एक सर्व्हर का काय म्हणतात, तो बसवून टाका. नवीन काही घ्यायचं नाही." सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाईली आणि प्रिंटर सांभाळणारा एक सामाईक संगणक.

मी अकाउंट्सचा माणूस. पण पूर्वी कधीतरी मॉनिटरची सैल झालेली वायर मी घट्ट बसवली होती, आणि तेव्हापासून ऑफिसच्या नजरेत मी संगणकतज्ज्ञ आहे. स्टोअररूममध्ये जुन्या ऑडिट फायलींच्या गठ्ठ्यांमागे एक निवृत्त संगणक होता. त्यात चार जीबी रॅम होती आणि पंख्यात पालीची अंडी. अंडी मामांनी काढली (मामा म्हणजे आमचे शिपाई), लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) मी टाकलं, आणि त्यावर सांबा.

सांबा फुकट मिळतं, त्यामुळे साहेबांची अट पूर्ण झाली. विंडोजवाल्या संगणकांना समोरचं लिनक्सचं मशीन आपल्यातलंच वाटावं, एवढंच त्याचं काम. 1991-92 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतलं. संगणकांची फाईल मागण्या-देण्याची बोली (तिचं नाव एसएमबी) त्याला कुणी शिकवली नव्हती. तारेवरून कोण कुणाला काय म्हणतंय हे बघून बघून त्याने ती ओळखली. मला यात फारसं नवल वाटलं नाही. साहेबांच्या केबिनचं दार कसं आपटलं यावरून आत चहा किती कप न्यायचा हे मामा कित्येक वर्षं ओळखत आलेत.

केबल मीच टाकल्या. त्या निळ्या वायरीच्या पोटात आठ तारा असतात आणि टोकाला त्यांचा क्रम ठरलेला असतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नीट बघा, हिरव्या जोडप्याच्या मध्ये निळं जोडपं येऊन बसलंय. हे का, याची कारणं टेलिफोनच्या जमान्यातली आहेत. पण एस.टी.त तीनच्या सीटवर खिडकी सोडायला तयार नसलेल्या माणसाला ज्याने पाहिलंय त्याला वेगळं कारण लागत नाही.

खरं सांगायचं तर तांत्रिक भाग एका दुपारीच आटोपला. एक साधी मजकुराची फाईल असते, तिच्यात फोल्डर कुठलं, कुणाला वाचता यावं, कुणाला लिहिता यावं एवढं लिहायचं. प्रत्येक माणूस मात्र दोनदा जन्माला घालावा लागतो: एकदा लिनक्ससाठी, एकदा सांबासाठी, आणि पासवर्डची नोंद दोन्हीकडे वेगळी. मग वरच्या मजल्यावर ऑडिटवाल्यांना इंटरकॉम लावला.

"रनच्या चौकटीत टाइप करा. आधी दोन उलट्या तिरक्या रेघा."

"उलट्या म्हणजे कुणाकडून?"

"एंटरच्या वरती असते ती. दोनदा."

"एंटरच्या वर आमच्याकडं बिस्किटाचा पुडा आहे."

पुडा हलवला गेला. रेघा आल्या, पण सुलट्या. मग आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा नंबर, सांगताना 'एकशे ब्याण्णव डॉट'मधला डॉट अक्षरांत लिहिला गेला. शेवटी मीच जिना चढून गेलो. त्या दिवसानंतर मी इंटरकॉमवर कुणाला काही टाइप करायला सांगितलेलं नाही.

यानंतर सुरू झाला तो खरा भाग, आणि त्याची माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी साहेबांना विचारलं, कुणाला काय दिसू द्यायचं? साहेब उदार मनाने म्हणाले, "सगळ्यांना सगळं दिसू दे हो. आपल्यात काय लपवायचं? पासवर्ड तरी कशाला, घरचीच माणसं आहेत." मी मान डोलावली आणि जिना उतरायच्या आत हाक आली. "पगारपत्रक सोडून." मग जेवणानंतर, "आणि ते अनामत रकमांचं." संध्याकाळी छोटे साहेब, म्हणजे साहेबांचे धाकटे बंधू आणि भागीदार, मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "माझं फोल्डर दादांना दिसू दे, पण त्यांना त्यात बदल करता येऊ नये." दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी हेच वाक्य, फक्त नातं बदलून, सांगितलं. ऑडिटवाल्यांचं म्हणणं, कच्चं काम टॅक्सला दिसता कामा नये, त्या मॅडम त्यावर शेरे मारतात. मॅडमचं म्हणणं, ऑडिटचं कच्चंच आम्हाला लागतं, पक्कं झाल्यावर शेरे मारून काय उपयोग? आर्टिकलशिपच्या, म्हणजे सी.ए. होण्याआधी उमेदवारी करणाऱ्या, मुलांना सगळीकडे जायचं होतं, काम सोडून. मामांना काहीच नको होतं. त्यांच्या भजनी मंडळासाठी मी 'भजन' नावाचं एक फोल्डर करून दिलं. आजतागायत त्या एका फोल्डरवरून वाद झालेला नाही.

हे सगळं डोक्यात मावेना म्हणून मी एका लेजर पेपरवर तक्ता आखला. उभी माणसं, आडवे फोल्डर. वाचायची मुभा असेल तिथे 'वा', लिहायची असेल तिथे 'लि' आणि काहीच नसेल तिथे आडवी रेघ. तक्ता सुबक झाला होता. चहाच्या वेळी तो टेबलावर होता आणि ऑफिसातला प्रत्येक जण, आपापल्या ओळीतल्या रेघा मोजून, शांतपणे आपल्या जागेवर जाऊन बसला. रिटर्न भरताना ज्यांना आकड्यांची बेरीज तीनदा तपासावी लागते त्यांनी दुसऱ्याच्या ओळीतल्या रेघाही एका नजरेत मोजल्या. त्या दुपारी मला "साखर कमी आहे का?" असंही कुणी विचारलं नाही.

सांबाच्या त्या फाईलमध्ये एक ओळ लिहिता येते: हाइड अनरीडेबल इक्वल टू येस. ती लिहिली की ज्याला जे वाचायची परवानगी नाही ते त्याला दिसतच नाही. रेघ नाही, कुलूप नाही, 'प्रवेश नाकारला' असा अपमानही नाही. ही सोय ज्याने केली त्याने नक्कीच भावांच्या भागीदारीतल्या एखाद्या फर्ममध्ये नोकरी केली असावी. मी तक्ता फाडला, ती ओळ लिहिली आणि जाहीर केलं की साहेबांच्या आदेशावरून सगळ्यांना सगळं खुलं केलं आहे. प्रत्येकाने आपल्या मशीनवर उघडून पाहिलं. प्रत्येकाला सगळं दिसत होतं. ऑफिसात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं.

प्रिंटरचं मात्र असं लपवाछपवीने भागणार नव्हतं. सर्व्हरला जोडायचा म्हणून तो मॅडमच्या टेबलावरून उचलून पॅसेजमध्ये आणला. मॅडम काही बोलल्या नाहीत. रिकाम्या झालेल्या चौकोनात त्यांनी स्टेपलर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. पहिली प्रिंट मी दिली तर प्रिंटर हूं की चूं करेना, नुसता पिवळा दिवा. लिनक्सने मूळ सेटिंगप्रमाणे लेटर आकाराचा कागद धरला होता आणि प्रिंटर त्याची वाट बघत होता. हा कागद अमेरिकेत आणि कॅनडात चालतो, आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. तो सांगलीत यायची वाट बघायची तर प्रिंटर गंजला असता. दरम्यान प्रिंट येत नाही म्हणून जो तो पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. मी सेटिंग ए-फोर केलं आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर पडू लागलं. हळदीच्या एकाच पेढीचा ताळेबंद एवढ्या वेळा निघाला की मामांनी त्याच्या पाठीवर आठवडाभर अभंग उतरवून घेतले. त्याच ढिगात आर्टिकलच्या एका मुलाचा बायोडेटाही होता: रास, गण, नाडी, उंची आणि 'अपेक्षा: नोकरी करणारी'. तो त्याच्या हातात पडेपर्यंत दोन्ही मजल्यांनी वाचला होता. गुण जुळवण्यापर्यंत मजल गेली नाही, ते फक्त मॅडम जागेवर नव्हत्या म्हणून.

मध्येच झेरॉक्स मशीनचा मेकॅनिक आला. मशीन जुनं. स्कॅन केलेलं थेट सर्व्हरवर पाठवायचं तर त्याला एसएमबीची पहिली, आद्य आवृत्तीच येते. तो म्हणाला, "ते जुनंवालं चालू करून टाका सर, सगळीकडं तसंच करतात." त्याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला आणि इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "पण आपलं काय रुग्णालय नाही." एवढ्या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकलं नाही. स्कॅन आजही लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हवर येतात.

आता तक्रारी फक्त एक्सेलच्या. फाईल उघडायला जावं तर 'दुसऱ्याने उघडली आहे' असं येतं आणि त्या दुसऱ्याचं नाव येतं 'युझर'. आमची सगळी मशीन एकाच दुकानदाराने भरून दिलेली, त्यामुळे एक्सेलच्या दृष्टीने आम्ही सगळेच युझर. "युझर कोण आहे रे?" अशी आरोळी जिन्यात घुमते. सर्व्हरवर एक आज्ञा दिली की कुणी काय उघडून ठेवलंय ते मला दिसतं. बहुतेक वेळा साहेबच असतात, फाईल उघडी टाकून बँकेत गेलेले. मी खाली जाऊन सांगतो, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, अर्ध्या तासात होईल."

मॅडमसाठी मी एक केलं. छपाईच्या रांगेत आलेलं काम थांबवून ठेवायचे आणि सोडायचे अधिकार त्यांच्या नावावर केले. कागदाची बचत म्हणून, असं साहेबांना सांगितलं. आता पॅसेजमधल्या प्रिंटरमधून एकही पान मॅडमनी माऊस दाबल्याशिवाय निघत नाही, आणि त्या आधी विचारतात, "ऑफिसचं आहे का?" भजनी मंडळाचं लगेच सुटतं.

परवा साहेब म्हणाले, "हे सगळं मला घरून दिसलं पाहिजे." मी सांगितलं की या सर्व्हरचं 445 नंबरचं दार इंटरनेटच्या बाजूला उघडायचं नसतं, त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित खाजगी रस्ता, बसवावं लागेल, थोडा खर्च आहे. खर्च म्हटल्यावर साहेबांना भाचा आठवला. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या मते हे पाच मिनिटांचं काम आहे. तो रविवारी येतोय. सर्व्हरचा पासवर्ड मी पाकिटात घालून, लाखेने बंद करून, ऑफिसच्या तिजोरीत ठेवला आहे. तिजोरीची किल्ली मॅडमकडे असते, आणि रविवारी मॅडम मिरजेला माहेरी जातात.