दोन फुटी टाकीत निमो, डोरी, मँडरिन आणि डॅमसेल? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. दोन फुटी टाकीत खारं पाणी भरा, दगड-वाळू घाला आणि बिनधास्त सोडा: तीन-चार निमो (नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश), एक डोरी (निळा टँग मासा), एक मँडरिन (छोटा रंगीबेरंगी मासा), चार डॅमसेल (लहान पण भांडखोर मासे) आणि निमोसाठी एक अ‍ॅनिमोन (निमो ज्याच्यात राहतो तो फुलासारखा समुद्री प्राणी). मासा टाकीएवढाच वाढतो, सगळे रीफवरचेच, म्हणजे प्रवाळखडकांवरचेच असल्याने ते एकमेकांशी जुळवून घेतात, आणि पाणी व मासे गोव्याहून किंवा मालवणहून आणले तर खर्चही वाचतो, असं त्यात म्हटलंय. हे वाचून लोक टाक्या मांडतायत. मासे मरायला लागले की दोष पाण्यावर, आपल्याकडच्या हवेवर, नाहीतर नशिबावर जातो. खरा दोष त्या यादीत आहे, म्हणून तीच एकेक करून तपासू.

आधी टाकीचा हिशोब. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ च्या आसपास उंच अशी टाकी काठोकाठ भरली तरी ६५ लिटरच्या आत राहते. दगड-वाळू गेली की हातात उरतं ते ५० लिटरच्या आसपास पाणी.

आता डोरी. दुकानात ती दोन-अडीच इंचांची असते, निळीजर्द, शेपटी पिवळी. पोरं हट्ट धरतात यात नवल नाही. पण हा मासा पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे टाकीच्या रुंदीएवढा. त्याला नीट वळायलासुद्धा जागा उरत नाही. समुद्रात तो दिवसभर पोहत फिरणारा मासा आहे, त्याला सहा फुटांच्या खाली टाकी नको. टाकीएवढाच वाढतो, हे तर मुळातच चूक आहे. वाढ मंदावते ती घाणेरड्या पाण्याने, अपुऱ्या खाण्याने आणि ताणाने. त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत, ते आजारपण आहे. डोरीच्या जातीला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन लागतो. त्यावरचं नेहमीचं औषध तांब्याचं, आणि तांबं पाण्यात गेलं की कोरल (प्रवाळ) आणि झिंगे मरतात. म्हणजे रीफ टाकीत औषध घालायची सोयच नाही. एका माशापायी सगळी टाकी धोक्यात येते. डोरीच्याच कुळातल्या पिवळ्या टँगचंही तेच, तो २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

डॅमसेलबद्दल फॉरवर्ड म्हणतो की ते स्वस्त आणि चिवट आहेत, आधी तेच सोडा, त्यांच्यावर टाकी तयार होईल. चिवट आहेत हे खरं. पण नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट चढतात, ते पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासा विषात ठेवायची काहीच गरज नाही. थोडा अमोनियम क्लोराइड किंवा झिंग्याचा एक तुकडा घालूनही तेच काम होतं.

दुसरं नुकसान नंतर दिसतं. आधी आलेला डॅमसेल दगडातलं एक भोक धरतो आणि तिथून टाकीवर ताबा सांगतो. तीन आठवड्यांनी तुम्ही गोबी हा तळाशी राहणारा, शांत स्वभावाचा छोटा मासा सोडलात की डॅमसेल भोकातून सुटतो, त्याच्या कुशीला टोचतो, परत जातो, पुन्हा येतो. समुद्रात गोबी दोन हात लांब पळाला असता, विषय संपला असता. इथे चारी बाजूंना काच. दोन दिवसांत गोबीचे पर फाटतात, तो हीटरमागे वरच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि खाणं सोडतो. बरं, डॅमसेल काढायचा म्हटला तर जाळीत येत नाही, सगळे दगड उपसावे लागतात. भांडखोर मासा ठेवायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी सोडायचा असतो. फॉरवर्डने क्रम उलटा सांगितलाय.

मँडरिनचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. हा मासा खरोखर कुणाच्या वाटेला जात नाही, कोरललाही तोंड लावत नाही. पण मासे एकमेकांशी जुळले म्हणजे झालं असं नसतं, मासा टाकीशीही जुळावा लागतो. मँडरिन दिवसभर दगडावरून सरकत कोपेपॉड टिपत असतो. हे बारीक कवचधारी जीव डोळ्यांना जेमतेम दिसतात. थांबतो, मान वाकवतो, टिपतो, पुन्हा पुढे. ५० लिटरच्या नव्या टाकीतला तो साठा थोड्याच आठवड्यांत संपतो, आणि सुकं खाणं बहुतेक मँडरिन ओळखतही नाहीत. मग कल्ल्यांमागे पोट आत ओढलं जातं, वरून पाहिलं तर डोकं रुंद आणि अंग चिंचोळं दिसतं. रंग मात्र शेवटपर्यंत तेवढेच झळझळीत राहतात, त्यामुळे घरातल्यांना वाटतं मासा मजेत आहे. तो उपाशी मरत असतो.

तीन-चार निमो एकत्र? नको. निमो सगळे नर म्हणून जन्मतात. गटातला सगळ्यात मोठा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा जोडीदार. लहान टाकीत उरलेल्यांना ही जोडी मारून हाकलते, आणि हाकलून जायला जागा नसते. दोनच घ्या, एक थोडा मोठा आणि एक लहान. अ‍ॅनिमोन तर अजिबात लागत नाही. त्याला भरपूर उजेड आणि निदान सहा-आठ महिने मुरलेली टाकी हवी, आणि तो सरकत सरकत पाणी फिरवणाऱ्या पंख्यात अडकला की पाणी नासतं.

राहिलं गोवा-मालवण. किनाऱ्याच्या खडकांतल्या डबक्यात सापडणारी पट्टेरी सार्जंट माशाची पिल्लं गोंडस दिसतात, पण तीही डॅमसेलच्याच कुळातली. वाढून १५ सेंटिमीटरच्या पुढे जातात आणि तशीच दांडगाई करतात. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. दगडी कोरल आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. तिथून कोरलचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, तो मेलेला असला तरीही. पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात मांडवी-जुवारी नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी किनाऱ्यावर उतरतं, खारटपणा पार बदलतो. नळाला राकसकोप धरणाचं पाणी येत असो की हिडकल धरणाचं, ते आरओतून (पाणी गाळून शुद्ध करणाऱ्या यंत्रातून) काढा, त्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मरीन सॉल्ट घाला आणि घनता १.०२५ मोजून घ्या. आटलेलं पाणी भरताना मात्र नुसतं आरओचं घाला, कारण मीठ उडून जात नाही.

आपल्या हवेची दखल फॉरवर्डने घेतलेलीच नाही. बेळगावच्या थंडीत रात्रीचा पारा १५ च्या खाली उतरतो, आणि या माशांना २५-२६ अंश लागतात, म्हणजे हीटर हवाच. वळीव सुरू झाला की करंट जातो. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे गर्दीची टाकी आधी गुदमरते. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

मग ठेवायचं काय? निमोची एक जोडी, तीही हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात वाढलेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे करून दाखवली आहे, समुद्रातून पकडलेल्यांची गरज नाही. सोबतीला एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याचा पिस्टल झिंगा. झिंग्याला धड दिसत नाही. तो वाळू उपसून बीळ करतो आणि मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवतो. गोबी दारात पहारा देतो, काही हललं की शेपटी फडफडवतो आणि दोघं आत. तासभर टाकीसमोर बसलात तरी कंटाळा येणार नाही. एवढे तीन मासे ५० लिटरला पुरे.

आधी गोबी सोडा, दोन-तीन आठवड्यांनी निमो. आणि विकत घेण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. जो मासा तिथे खात नाही, तो घरी आणू नका.