30 पैकी 26

बाबांच्या फायलीत स्मरणशक्तीच्या चाचणीचा एक कागद आहे. त्यावर लिहिलंय '30 पैकी 26', खाली सही, आणि शेजारी एकच शब्द : नॉर्मल. त्या एका शब्दावर विसंबून आम्ही 14 महिने घालवले. आई मात्र म्हणत राहिली, "अगं, हे पूर्वीसारखे राहिले नाहीत." आणि मी दर वेळी तिला तो कागद दाखवत राहिले. हे लिहायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. पण गेल्या महिन्याभरात तिघांनी मला फोन करून विचारलं, "आमच्याकडे टेस्ट चांगली आली, आता काळजी नाही ना?" म्हणून आज सविस्तर लिहिते.

बाबा गणिताचे शिक्षक. घराचा हिशेब गेली 40 वर्षं एकाच पद्धतीने वहीत लिहिला जातो. डावीकडे तारीख, मग तपशील, उजवीकडे रक्कम, महिनाअखेर बेरीज आणि खाली दोन रेघा. एक दिवस आईने मला ती वही उघडून दाखवली. एकाच आठवड्यात विजेचं बिल दोनदा भरल्याची नोंद होती, दोन्ही त्यांच्याच अक्षरात. महिन्याच्या बेरजेत हातचा घ्यायचा राहिला होता. खोडून पुन्हा केली होती, तिथेही राहिला होता. ज्या माणसाने शेकडो मुलांना हातचा शिकवला, त्याचा हातचा सुटत होता. मी वही मिटली आणि म्हटलं, वय झालंय गं त्यांचं.

आता त्या चाचणीबद्दल. तिचं नाव मोका, म्हणजे मॉन्ट्रिअल कॉग्निटिव्ह असेसमेंट. कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमधले डॉक्टर झियाद नस्रेद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2005 मध्ये प्रसिद्ध केली. 10-12 मिनिटांत होते. एकूण 30 गुण, 26 किंवा जास्त आले तर सर्वसाधारणपणे ठीक समजतात. शिक्षण 12 वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर 1 गुण वाढवून देतात. याआधीची आणि जगभर सर्वांत जास्त वापरलेली चाचणी म्हणजे 1975 ची एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन), तीही 30 गुणांचीच. या चाचण्या वाईट नाहीत, हे आधीच सांगते. माझं भांडण त्या कशा घेतल्या जातात आणि त्यांच्या आकड्याचं पुढे काय केलं जातं, याच्याशी आहे.

मोकामध्ये घड्याळ काढायला सांगतात. वेळ दाखवायची : अकरा वाजून दहा मिनिटं. बाबांनी वर्तुळ काढलं, अगदी कंपासने काढावं तसं. आकडे जिथल्या तिथे. तास काटा अकरावर. मग पेन्सिल थांबली. बराच वेळ ती कागदावर टेकलेली होती. शेवटी मिनिट काटा गेला दहाच्या आकड्यावर. ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. 'दहा' ऐकल्यावर समोर दिसणाऱ्या दहाकडे हात ओढला जातो. त्याला आवरून 'दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा' हे मनात करावं लागतं, आणि तेवढ्यात मेंदूच्या नियोजनाचा कस लागतो. घड्याळाला 3 गुण : वर्तुळाचा, आकड्यांचा, काट्यांचा. बाबांना 2 मिळाले. कागदावर तो फक्त एक गेलेला गुण दिसतो. पेन्सिल किती वेळ थांबली होती ते कुठेच दिसत नाही.

बाकीचे 3 गुण गेले शब्दांत. सुरुवातीला 5 शब्द ऐकवतात आणि साधारण 5 मिनिटांनी विचारतात. बाबांना 2 आठवले. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शब्द आठवला नाही तर सूचना देऊन पाहायची सोय त्या फॉर्ममध्ये असते : 'एक रंग होता', 'शरीराचा एक भाग होता'. त्याला गुण नाहीत, पण माहिती मोठी मिळते. सूचना दिल्यावर शब्द आठवला, तर तो मेंदूत साठवला गेला होता, फक्त सापडत नव्हता. सूचना देऊनही काहीच उमटलं नाही, तर तो साठवलाच गेला नसण्याची शक्यता जास्त, आणि अल्झायमर या विस्मरणाच्या आजाराच्या सुरुवातीला बहुधा असंच होतं. बाबांच्या फॉर्मवर त्या चौकटी कोऱ्या आहेत. बेरीज 26 आली, उंबरठा पार झाला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला जे कळकळीने सांगायचंय ते हेच. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, म्हणजे घसरण. माणूस आधी कुठे होता आणि आता कुठे आहे, यातलं अंतर. चाचणी मात्र त्या दिवशीची पातळी मोजते. आयुष्यभर आकड्यांशी आणि शब्दांशी खेळलेला माणूस बराच घसरला तरी 26 वर उभा राहू शकतो, कारण त्याच्याकडे शिल्लक जास्त असते. आणि जिला शाळेत जायलाच मिळालं नाही ती काहीही न घसरता 20 वर असू शकते. माझ्या मावशीला 19 आले तेव्हा घरात रडारड झाली होती. पुढे कळलं, तिला नीट ऐकूच येत नव्हतं, म्हणजे ते शब्द तिच्या कानापर्यंत पोचलेच नव्हते. शिवाय बी12 जीवनसत्त्व खूप कमी होतं. श्रवणयंत्र आणि इंजेक्शनं झाल्यावर सहा महिन्यांनी तिला 5 गुण जास्त मिळाले.

भाषेचाही प्रश्न आहेच. एमएमएसईमध्ये 'वर्ल्ड' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगायला लावतात. आपल्या लिपीत काना-मात्रा आणि जोडाक्षरं उलटी कशी सांगणार? नुसतं भाषांतर करून चाचणी तीच राहत नाही. हरियाणातल्या बल्लभगडजवळच्या गावांमध्ये बहुतांश निरक्षर असलेल्या वृद्धांसाठी 1995 मध्ये हिंदी चाचणी तयार झाली, तेव्हा प्रश्नच बदलावे लागले होते. ज्या भाषेत माणूस स्वप्नं बघतो त्या भाषेत त्याची चाचणी व्हायला हवी, एवढी मागणी आपण डॉक्टरांकडे करू शकतो, आणि करायला हवी.

मग चाचणी करूच नये का? करावीच. थायरॉइड, बी12, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, काही औषधांचा एकत्र परिणाम, डोक्याला मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त, यामुळेही माणूस विसरायला लागतो आणि यावर इलाज असतो. अल्झायमरच निघाला तरी लेकानेमॅबसारखी नवी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत, आणि त्यांचा फायदा मर्यादित, धोके खरे आहेत. औषध बाजूला ठेवलं तरी, पैशाचे व्यवहार, मृत्युपत्र, गाडी चालवणं, पुढे कोणी कसं सांभाळायचं, हे सगळं त्या माणसाला स्वतः ठरवता येतं ते सुरुवातीलाच. आमचे 14 महिने इथेच गेले.

काहीच तक्रार नसलेल्या सगळ्या वृद्धांना रांगेत बसवून तपासा, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने 2020 मध्ये स्पष्ट म्हटलं की लक्षणं नसलेल्यांची अशी सरसकट तपासणी करण्याच्या बाजूने किंवा विरोधात सांगण्याइतका पुरावा नाही. मला ते पटतं. पण घरातलं माणूस 'हे पूर्वीसारखे नाहीत' म्हणतं, तिथे लक्षण आलेलंच असतं.

आणि हे ओळखणं काही नवं नाही. 1901 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये, ज्यांचं नाव पुढे या आजाराला मिळालं त्या डॉक्टर अलोइस अल्झायमर यांच्याकडे 51 वर्षांच्या ऑगस्टे डेटर आल्या, तेव्हा बदल आधी त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आला होता. अल्झायमरनी त्यांना पेन्सिल, पेन, पाकीट, किल्ली, डायरी आणि सिगार दाखवली. ऑगस्टेंनी सगळ्यांची नावं बरोबर सांगितली. वस्तू झाकल्यावर काय काय पाहिलं ते त्यांना सांगता आलं नाही. म्हणजे तेव्हाही दोन्ही गोष्टी लागल्याच : घरच्यांचं सांगणं आणि समोर बसून घेतलेली परीक्षा. आज घरच्यांना विचारायची सुद्धा तयार प्रश्नावली आहे, 1989 पासून. त्यात विचारतात, 10 वर्षांपूर्वीच्या तुलनेत हा माणूस आता कसा आहे? दुसऱ्या डॉक्टरांनी आईला वेगळ्या खोलीत बसवून हेच विचारलं. 20 मिनिटं. आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं रडली. मग सविस्तर चाचण्या, रक्त, एमआरआय. मोकाचे गुण आता 21 होते.

एक हात जोडून विनंती. घरी 'सांगा पाहू, मी कोण?', 'आज वार कोणता?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. मोबाइलवरच्या चाचण्या पुन्हापुन्हा सोडवूनही घेऊ नका. प्रश्न पाठ होतात, आणि खऱ्या चाचणीचा काही उपयोग उरत नाही. आम्ही हेही केलं. माझ्या भावाने बाबांना तेव्हा वार विचारला, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "तुला माहीत नाही का?" आवाजात राग होता, पण डोळ्यांत भीती होती. ती मी पाहिली आहे.

पुढच्या महिन्यात बाबांची पुन्हा तपासणी आहे. रात्रीची झोप नीट झालेल्या दिवशी, सकाळची वेळ मागून घेतली आहे. चष्मा, श्रवणयंत्राचे नवे सेल आणि सगळ्या गोळ्यांची यादी आईने पिशवीत घातली. मी त्यात 3 वह्या ठेवल्या : 10 वर्षांपूर्वीची, 5 वर्षांपूर्वीची आणि या वर्षीची.