छतावरच्या अंगठ्याच्या ठशाबद्दल

नमस्कार साहेब. आपण रिव्ह्यूत एक तारा दिलात आणि लिहिलंत की फेरारी एफ-४० गाडीचं छोटं मॉडेल द्यायला तीन महिने लावले, छतावर अंगठ्याचा ठसा आहे आणि साडेआठ हजारांत खेळणं गळ्यात मारलं. उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मी सहा आठवडे म्हणालो होतो. मधे फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं.

पण वाचणाऱ्यांना अर्धीच गोष्ट कळते आहे, म्हणून लिहितो. गाडीचं काम १० जूनला घेतलं, लाल रंगात. फेरारीने १९८७ साली ही गाडी काढली ती लालच, आणि १:२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, त्या किटचं (जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचं) प्लास्टिकही लाल. ५ जुलैला तयार बॉडीचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी आपला मेसेज आला, "भावाला पिवळी आवडते, पिवळी करून द्या." बरं म्हणालो. तिथेच चुकलो.

लालावर पिवळा सरळ मारता येत नाही. पिवळा अंगाने पातळ, आणि खालचं लाल वर फुटून नारिंगी झाक येते. आधीचा रंग उतरवला. मग राखाडी प्रायमर, लाल अडवायला चंदेरीचा एक हात, त्यावर पांढरा, आणि मग पिवळ्याचे पातळ-पातळ पाच हात. त्यात ऑगस्ट. बडोद्यात पावसाळी हवेत क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, मारला की दुधाळ पडतो. पहिला पडलाच. दोन हजार नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा मारला आणि सुकायला बल्ब लावलेल्या पेटीत ठेवला. दुसऱ्या रंगाचा एक रुपया मागितला नाही, हेही लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

आता ठसा. ४ सप्टेंबरला, गुरुवारी, आपण दांडियाबाजारच्या दुकानात आलात. मी म्हणालो, सोमवारी न्या. वरून सुकलंय, आतून कोट अजून मऊ आहे, एवढे हात बसलेत त्यावर. आपण म्हणालात, विसर्जन झालं की भाऊ पुण्याला जाणार, आजच हवी. खोक्यावर निळ्या पेनाने लिहिलं, "सोमवारपर्यंत छताला हात लावू नये, खालून धरावी." आपण काउंटरवरच भावाला व्हिडिओ कॉल लावलात आणि गाडी छताला धरून मोबाईलसमोर उचललीत. मी "अहो अहो" म्हणेपर्यंत झालं होतं. तेव्हा मीच म्हणालो की काही दिसत नाही. तो माझा भिडस्तपणा. पण लोक म्हणतात उशिरा दिली, आणि माझ्या हिशेबाने मी चार दिवस लवकर दिली.

"खेळणं" म्हणालात त्याचं जरा लागलं. जेमतेम अठरा सेंटीमीटरची गाडी आहे ती. मागच्या काचेतल्या फटी एकेक करून काळ्या केल्यात, रात्री, भिंग लावून. आमच्या बाबांनी रावपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. काल एका गृहस्थांनी आपलं लिहिलेलं वाचून ऑर्डर थांबवली. माझं घर यावरच चालतं, म्हणून एवढं लांबण लावलं. राग नसावा.

यापुढे रंग लिहून घेऊ, पावसाळ्यातली कामं कमी धरू, उशीर होईल तसं कळवत राहू. बघू कसं जमतं ते.

ठसा निघतो. बारीक पेपर आणि पॉलिश, अर्ध्या तासाचं काम, पैसे नाहीत. भाऊ दिवाळीत येतील तेव्हा गाडी घेऊन या, चहा माझ्याकडे. फक्त आणताना खालून धरा.