अटींना कशाला दोष?
प्रवेशाच्या अटी कडक म्हणून स्टॅनफर्डला अव्वल बास्केटबॉलपटू मिळत नाहीत, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. त्याच विद्यापीठाच्या मुलींनी १९९०, १९९२ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलंय. नेका आणि चिने ओग्वुमिके या सख्ख्या बहिणी तिथल्याच. डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, २०१२ ला थोरली आणि २०१४ ला धाकटी, दोघीही पहिल्या क्रमांकावर!

खरी अडचण पारख करण्यात आहे. पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या जेरेमी लिनचंच बघा ना. त्याची पालो आल्टो हायस्कूल आणि स्टॅनफर्ड यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. २००६ मध्ये पोरगं कॅप्टन म्हणून शाळेला राज्य विजेतेपद मिळवून देतं, अभ्यासातही हुशार, तरी स्टॅनफर्डने शिष्यवृत्ती दिली नाही. शेवटी तो गेला हार्वर्डला, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच.